पहिला डीजे सेट घेताना पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

डीजेचं मूळ काम एवढंच: एक गाणं सगळे ऐकत असताना दुसरं गाणं फक्त आपण हेडफोनवर ऐकायचं, ते पहिल्याच्या लयीत आणून ठेवायचं आणि योग्य जागी आत सोडायचं. स्क्रॅच, लूप, इफेक्ट हे सगळं त्यानंतर. म्हणून सामान निवडताना मी प्रत्येक वस्तूबद्दल एकच प्रश्न विचारतो: हिच्यामुळे मला दुसरं गाणं नीट ऐकू येणार आहे का? नवशिके बहुधा उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. किती बटणं, किती दिवे, केवढं मोठं चाक हे बघून यंत्र घेतात, त्यातच पैसे संपतात आणि मग मोबाइलसोबत आलेल्या इअरफोनवर सराव सुरू होतो. तीन महिन्यांनी ‘मला लयच कळत नाही’ म्हणून सगळं कपाटात जातं. लय त्यांना कळत असते. ती ऐकू येत नसते.

ज्यांच्याकडे बऱ्यापैकी चालणारा लॅपटॉप आहे, पैसे मोजके आहेत आणि घरीच शिकायचं आहे, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून पुढचं सगळं लिहिलं आहे.

काही घेण्याआधी एक आठवडा

मिक्स नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. इंग्रजीत लिहिताना त्याच्या शेवटी तीन एक्स येतात. ते मोफत आणि मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. ते लॅपटॉपवर टाका. ज्यांच्या वेगात दोन-तीन बीपीएमचाच फरक आहे अशी दोन गाणी निवडा. बीपीएम म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके. दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारं ‘सिंक’चं बटण बंद ठेवा आणि दोन्ही गाणी एकत्र वाजवून माउसने वेग जुळवायचा प्रयत्न करा.

लॅपटॉपवर दोन्ही गाणी एकदमच ऐकू येतील, वेगळी नाही. आत्ता तेवढं पुरे. ठोके जुळलेले असतात तेव्हा दोन ढोल एकच वाटतात. सरकले की घोड्याच्या टापांसारखा ‘टकटक, टकटक’ आवाज येऊ लागतो. तो फरक कानाला कळायला लागणं, ही पहिली शिकवणी. सोबत मोजायला शिका: एक-दोन-तीन-चार, अशी आठ आवर्तनं, म्हणजे बत्तीस ठोके. नाचायच्या बहुतेक गाण्यांत काहीतरी बदल होतो तो या बत्तीसच्या टप्प्यावर. नवा आवाज येतो, ढोल थांबतो किंवा गाणारा सुरू होतो. दुसरं गाणं आत सोडायची जागा तीच.

आठवडाभर रोज अर्धा तास हे केल्यावरही हात शिवशिवत असतील तर खुशाल खरेदीला लागा. कंटाळा आला असेल तर पैसे वाचले, आणि तेही चांगलंच.

कोणत्या प्रकारचं डीजेइंग करायचं आहे

नवशिक्याला याचं पक्कं उत्तर देता येत नाही, पण कल कुठे आहे ते सांगता येतं. लांब, सावकाश मिसळत जाणारं हाउस किंवा टेक्नो आवडत असेल तर वेगाची पट्टी, म्हणजे पिच फेडर, लांब आणि अचूक हवी. स्क्रॅच, म्हणजे गाणं चाकाने पुढे-मागे ओढून आवाज काढणं, करायचं असेल तर मधला क्रॉसफेडर, म्हणजे एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी आडवी पट्टी, हलका आणि टोकाला झटकन आवाज सोडणारा हवा, चाकानेही हाताला लगेच दाद द्यायला हवी. घरगुती कार्यक्रमात सगळ्या प्रकारची गाणी लावायची असतील तर माइक जोडायची सोय लागते आणि गाण्यांतल्या ठरावीक जागांवर उडी मारायला पॅड, म्हणजे बोटाने दाबायचे चौकोन, उपयोगी पडतात. माइकच्या बाबतीत आणखी एक पाहून घ्या. काही स्वस्त यंत्रांत माइकचा आवाज थेट स्पीकरकडे जातो, सॉफ्टवेअरमध्ये येत नाही. मग रेकॉर्डिंगमध्ये तुमचं बोलणं सापडत नाही.

तबकडी, क्लबची यंत्रं की कंट्रोलर

तबकड्यांचं आकर्षण मला पूर्ण समजतं. टेक्निक्सचं एसएल-१२०० हे टर्नटेबल १९७२ मध्ये आलं आणि त्याच्या १९७९ च्या एमके२ आवृत्तीत वेग बदलायची सरकती पट्टी मिळाली, अधिक-उणे ८ टक्क्यांची. आजच्या कंट्रोलरवरची पिचची पट्टी त्याच घराण्यातली. पण तबकड्यांवर शिकायचं तर दोन टर्नटेबल, एक मिक्सर, दोन सुया आणि प्रत्येक गाण्यासाठी वेगळी तबकडी असा खर्च होतो, तो चालूच राहतो. स्वस्त म्हणून पट्ट्याने फिरणारं टर्नटेबल घ्यायचा मोह टाळा. त्याची थाळी हाताने अडवली की पुन्हा वेग घ्यायला वेळ लावते, आणि ते कामच मुळात हाताने अडवण्याचं आहे. मोटर थेट थाळीला जोडलेली असेल तरच विचार करावा.

क्लबांमध्ये दिसणारी पायोनियरची सीडीजे यंत्रं आणि त्यांच्यामधला मिक्सर हा सुरुवातीचा विचारच नव्हे. कंट्रोलर म्हणजे तेच सगळं एका पेटीत: गाणं वाजवायचे दोन भाग, म्हणजे डेक, मधे त्यांचे आवाज मिसळणारा मिक्सर, यूएसबीने लॅपटॉपला जोडायचं. आवाजाचं खरं गणित लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर करतं, म्हणून पेटी स्वस्तात बसते. कंट्रोलरवर शिकलेला माणूस क्लबच्या यंत्रांसमोर पहिली दहा मिनिटं चाचपडतो, मग हात आपोआप जागेवर पडतात, कारण मांडणी बरीचशी तीच असते. लॅपटॉपशिवाय चालणारी एकपेटी यंत्रंही मिळतात. त्यांत पडदा आणि संगणक दोन्ही आतच असतात, त्यामुळे त्याच पैशांत फेडर, नॉब वगैरे भाग हलके येतात. लॅपटॉप असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

साउंड कार्ड: इथे तडजोड नको

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. लॅपटॉपला हेडफोनचं एकच भोक असतं आणि त्यातून एकच स्टिरिओ आवाज बाहेर येतो. डीजेला दोन लागतात: एक लोकांसाठी, त्याला मास्टर म्हणतात, आणि एक स्वतःच्या कानासाठी, त्याला क्यू म्हणतात. कंट्रोलरमध्येच साउंड कार्ड असेल तर हे दोन आवाज वेगवेगळ्या वाटांनी बाहेर पडतात.

काही अगदी स्वस्त कंट्रोलरमध्ये साउंड कार्ड नसतं. पायोनियर डीजेचा डीडीजे-२०० हे त्याचं ठळक उदाहरण. त्यासोबत दुभागणारी केबल येते. ती फोनच्या किंवा लॅपटॉपच्या एका स्टिरिओ आवाजाचे दोन तुकडे करते: एक बाजू स्पीकरला, दुसरी हेडफोनला. युक्ती चालते, नाही असं नाही. पण मग स्पीकरवरही मोनो आणि हेडफोनवरही मोनो. लॅपटॉपचा आतला आवाजही सहसा क्षीण, वर थोडा खरखरीत. फोनवर चाचणी म्हणून ठीक; शिकण्यासाठी यंत्र घेत असाल तर यापुढचं घ्या.

दुकानातल्या माणसाला न विचारता हे ओळखता येतं. यंत्राच्या मागच्या बाजूचा फोटो पाहा. मास्टर लिहिलेली आरसीएची लाल-पांढरी जोडी दिसते का? लहान यंत्रात तिच्याऐवजी ३.५ मिलिमीटरचं भोक असू शकतं. आणि त्याखेरीज हेडफोनसाठी वेगळं भोक आहे का? दोन्ही यंत्रावरच असतील आणि माहितीपत्रकात साउंड कार्डचे चार आउटपुट चॅनल लिहिले असतील, म्हणजे दोन स्टिरिओ जोड्या, तर काम झालं. पाठीमागे फक्त यूएसबीचंच भोक दिसलं तर ते यंत्र म्हणजे नुसती बटणं आहेत. बाहेरचं साउंड कार्ड जोडून तेही चालवता येतं, पण दोन्हींची बेरीज केली की आत साउंड कार्ड असलेलाच कंट्रोलर बहुधा स्वस्त पडतो.

वेगाच्या पट्टीचं गणित

ही पट्टी जाहिरातीत कुणी मिरवत नाही, आणि लय हाताने जुळवायला शिकायचं तर हिच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. लहान कंट्रोलरवर तिची लांबी साधारण ६० मिलिमीटर असते. कक्षा, म्हणजे पट्टीने वेग जास्तीत जास्त किती बदलेल ती मर्यादा, अधिक-उणे ८ टक्के ठेवली तर ६० मिलिमीटरमध्ये १६ टक्के बसतात, म्हणजे एका मिलिमीटरला ०.२७ टक्के. गाणं १२५ बीपीएमचं असेल तर एक मिलिमीटर सरकवल्यावर वेग ०.३३ बीपीएमने बदलतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण १२५ बीपीएमला एक ठोका ४८० मिलिसेकंदांचा. एवढ्याशा चुकीने प्रत्येक ठोक्याला १.३ मिलिसेकंद सरकतात. बत्तीस ठोक्यांनी, म्हणजे पंधरा सेकंदांत, ४१ मिलिसेकंदांचा फरक पडतो आणि घोडा धावू लागतो.

१०० मिलिमीटरची पट्टी असेल तर तोच एक मिलिमीटर ०.२ बीपीएमचा होतो आणि हाताला बरीच जास्त मुभा मिळते. लांब पट्टी परवडत नसेल तरी हरकत नाही. सॉफ्टवेअरमध्ये कक्षा बदलता येते. अधिक-उणे १६ वरून ८ वर किंवा ६ वर आणा, छोटी पट्टीसुद्धा शहाणी वागते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांची तक्रार इथेच मिटते: पट्टी १६ वर राहिलेली असते आणि ते स्वतःच्या कानाला दोष देत असतात.

अगदी खालच्या यंत्रांत पिचसाठी पट्टीच नसते, बोटाएवढा नॉब किंवा दोन-तीन सेंटिमीटरचा सरकता तुकडा असतो. असं यंत्र मी कुणालाही सुचवत नाही.

सिंक वापरणं पाप नाही. पण सॉफ्टवेअर ठोके चुकीचे ओळखतं तेव्हा, आणि सिंक नसलेल्या यंत्रावर उभं राहावं लागतं तेव्हा, कानच कामाला येतो. म्हणून पहिले दोन महिने ते बंद ठेवून सराव करा. पट्टी चांगली हवी ती यासाठीच.

बाकीच्या फळीवर काय पाहायचं

मिक्सरच्या भागात प्रत्येक चॅनलला, म्हणजे प्रत्येक गाण्याच्या वाटेला, तीन पट्ट्यांचा ईक्यू हवाच: वरचे, मधले आणि खालचे स्वर वेगळे कमी-जास्त करणारे तीन नॉब. दोन गाण्यांचे बेस एकदम वाजले की खाली नुसता चिखल होतो. म्हणून आत येणाऱ्या गाण्याचा खालचा नॉब आधी बंद ठेवायचा आणि बत्तीसच्या टप्प्यावर एकाचा बेस काढून दुसऱ्याचा द्यायचा. ही अदलाबदल मिक्सिंगमधली अर्धी कला आहे, आणि दोनच पट्ट्यांच्या ईक्यूवर ती नीट जमत नाही.

ईक्यूच्या वर ट्रिम किंवा गेन नावाचा नॉब असावा. गाण्यांच्या मूळ आवाजांत फरक असतो, तो या नॉबने समतल करायचा, मुख्य फेडरने नाही. शक्य असेल तर प्रत्येक चॅनलला स्वतःचे आवाजाचे दिवे असलेलं यंत्र पाहा. स्वस्त यंत्रांत फक्त मास्टरलाच दिवे असतात. चालतं, पण दुसऱ्या गाण्याची पातळी मग पडद्यावर पाहावी लागते.

हेडफोनच्या भोकाजवळ ‘क्यू मिक्स’ नावाचा नॉब असेल तर फार सोयीचं. तो फिरवून कानात येणारं गाणं आणि बाहेर वाजणारं गाणं यांचं प्रमाण बदलता येतं. काही यंत्रांत हा नॉब नसतो आणि माउसने सॉफ्टवेअरमध्ये बदलावा लागतो. गाणी मिसळत असताना माउस शोधत बसणं त्रासाचं आहे.

चाक मोठं असलं की हाताला बरं वाटतं, एवढंच. पॅड आठ असोत की चार, सुरुवातीला दोनच वापरले जातात. चार चॅनल नकोत, मोटरने आपोआप फिरणारं चाक नको, यंत्रात बसवलेले रंगीत दिवे तर मुळीच नकोत.

काही नावं घ्यायची तर

पायोनियर डीजेचा डीडीजे-४०० हा २०१८ चा कंट्रोलर नवशिक्यांत फार चालला. पुढे त्याची जागा डीडीजे-एफएलएक्स४ ने घेतली. मांडणी क्लबच्या यंत्रांसारखी आहे, साउंड कार्ड आत आहे, माइकची सोय आहे आणि तो रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो या दोन्ही डीजे सॉफ्टवेअरवर चालतो. पुढे कधी क्लबमध्ये वाजवायची इच्छा असेल तर मी हाच सांगेन. वापरलेला ४०० चांगल्या स्थितीत मिळाला तर तोही उत्तम.

हर्क्युलिसच्या डीजेकंट्रोल इन्पल्स ३०० मध्ये वेगाची पट्टी कुठे सरकवायची आणि चाक कुठल्या बाजूला ढकलायचं हे बाणांच्या दिव्यांनी दाखवायची सोय आहे. स्वतः शिकणाऱ्याला सुरुवातीला तिचा आधार वाटतो. महिन्याभरात ते दिवे बंद करा, नाहीतर कानाचं काम डोळे करत राहतात. न्यूमार्कच्या मिक्सट्रॅक मालिकेत चाकं मोठी असतात. स्क्रॅचकडे कल असेल तर ती हातात घेऊन पाहा. जागाच नसेल तर त्यांचाच डीजे२गो२ टच हा कीबोर्डएवढा लांबट कंट्रोलर आहे. इतका लहान असून त्यात साउंड कार्ड आहे, पण पिचच्या पट्ट्या छोट्या आहेत हे लक्षात ठेवून घ्या.

एक सावधगिरी. यंत्रासोबत सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती मिळते ते विचारा. बऱ्याचदा ‘सोबत मोफत’ म्हणजे कापलेली आवृत्ती असते आणि पूर्ण आवृत्तीचे पैसे वेगळे. काही सॉफ्टवेअर ठरावीक कंट्रोलर जोडला की आपोआप खुलतं; एफएलएक्स४ जोडल्यावर रेकॉर्डबॉक्सची वाजवण्याची सोय तशीच खुलते. रेकॉर्डिंग करता येतं का, हे खास विचारा. त्याचं कारण शेवटी येईल.

पैशांची वाटणी

लॅपटॉप आधीच आहे असं धरून हातातल्या रकमेचे दहा भाग करा. पाच कंट्रोलरला, दोन हेडफोनला, दोन स्पीकरला, एक गाण्यांना आणि केबलींना. घरात आरसीए किंवा ऑक्स लावता येईल अशी जुनी म्युझिक सिस्टिम असेल तर स्पीकरचे दोन भाग मोकळे झाले. त्यातला एक हेडफोनला द्या, दुसरा गाण्यांना. कंट्रोलरकडे वळवू नका. सहा-सात भागांचा कंट्रोलर आणि एका भागाचा हेडफोन हीच ती चूक, जी मी या लेखाच्या सुरुवातीला सांगितली.

हेडफोन

बंद कपांचा, कानावर घट्ट बसणारा, वायरचा हेडफोन घ्या. बाहेर गाणं वाजत असताना आतलं ऐकायचं असतं, त्यामुळे उघड्या पाठीचा हेडफोन कितीही गोड वाजला तरी उपयोगाचा नाही. एक कप मागे वळवता यायला हवा, कारण एक कान आत आणि एक बाहेर असंच बरेचदा ऐकलं जातं. केबल काढता येणारी असेल तर फार चांगलं. डीजेच्या हेडफोनमध्ये सगळ्यात आधी तीच मरते.

ब्लूटूथ नको. नेहमीच्या ब्लूटूथवर आवाज दीडशे मिलिसेकंदांनी किंवा त्याहूनही उशिरा पोचू शकतो. १२५ बीपीएमला ठोका ४८० मिलिसेकंदांचा, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश ठोका मागे. बाहेरचं आणि आतलं कधीच जुळणार नाही. ब्लूटूथ स्पीकरचीही तीच गोष्ट. त्याला वायर लावायची सोय असेल तर वायरने जोडा.

हेडफोनचा रोध, जो ओहममध्ये मोजतात, ३२ ते ७० च्या आसपास असू द्या. २५० ओहमचा स्टुडिओ हेडफोन छोट्या कंट्रोलरवर दबका वाजतो. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम४०एक्स ३५ ओहमचा आहे, सोनीचा एमडीआर-७५०६ ६३ ओहमचा, आणि सेनहायझरचा एचडी २५, जो वर्षानुवर्षं डीजेंच्या डोक्यावर दिसतो, ७० ओहमचा. तिघांपैकी कोणताही दहा वर्षांचा सोबती होऊ शकतो. तिन्ही परवडत नसतील तर निदान बंद कप, वळणारा कप आणि वायर या तीन अटींवर अडून राहा.

कानांची काळजी पहिल्या दिवसापासून घ्या. अमेरिकेच्या निऑश या संस्थेने कामाच्या जागेसाठी सांगितलेली मर्यादा ८५ डेसिबलला आठ तासांची आहे, आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने ९४ ला एक तास आणि १०० ला पंधराच मिनिटं. सराव संपल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर आवाज जास्त होता. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

स्पीकर

घरच्या सरावासाठी तीन ते पाच इंचांचे, आतच ॲम्प्लिफायर असलेले दोन मॉनिटर स्पीकर पुरतात. पाच इंचांचे घेता आले तर ढोलाचा ठोका स्पष्ट ऐकू येतो. मोठे, छाती हादरवणारे स्पीकर शिकण्याच्या काळात नकोत. खोलीत बेस घुमतो आणि ठोक्याची कड हरवते. कानाच्या उंचीवर, तुमच्यापासून मीटर-दीड मीटरवर, तिघांचा समभुज त्रिकोण होईल असे ठेवा. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. स्पीकर तीन मीटरवर असेल तर जवळजवळ नऊ मिलिसेकंद उशीर तिथेच होतो. मोठ्या सभागृहात डीजेजवळ वेगळा स्पीकर ठेवतात तो याच कारणाने.

चालू करताना स्पीकर सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी. नाहीतर कंट्रोलरचा ‘धप्प’ आवाज थेट स्पीकरच्या पडद्यावर आदळतो.

लॅपटॉप

आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला साधा लॅपटॉप भागवतो. कंट्रोलर थेट लॅपटॉपच्या यूएसबीला जोडा, फाटे फुटलेल्या हबला नाही. सॉफ्टवेअरमध्ये बफर नावाची सेटिंग असते: आवाजाचे किती नमुने, म्हणजे बारीक तुकडे, साठवून मग वाजवायचे ते ती ठरवते. ४४,१०० हर्ट्झला २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे ५.८ मिलिसेकंदांचा उशीर, ५१२ म्हणजे ११.६, १०२४ म्हणजे २३.२. बफर कमी केला की चाक हाताबरोबर चालतं, फार कमी केला की आवाजात टिकटिक येते. ५१२ पासून सुरू करा, टिकटिक नसेल तर २५६ वर या. विंडोजवर कंट्रोलरच्या कंपनीचा असिओ ड्रायव्हर, म्हणजे आवाजाचा उशीर कमी ठेवणारा ड्रायव्हर, असेल तर तोच निवडा. वाजवताना चार्जर लावलेला असू द्या आणि यूएसबीला झोपवणारी वीजबचत बंद करा. वाजवताना मधेच कंट्रोलर गायब होतो त्याला बरेचदा ही बचत कारणीभूत असते.

वापरलेलं घेताना

कमी पैशांत चांगलं मिळवायचा हा सगळ्यात खात्रीचा मार्ग, पण तपासून. माझा पहिला कंट्रोलर वापरलेलाच होता. विकणाऱ्याने गाणं लावून दाखवलं, छान वाजलं, मी घेऊन आलो. घरी कळलं की हेडफोनच्या उजव्या बाजूला आवाजच नाही; भोक आतून सैल झालं होतं. मी स्पीकरवर ऐकलं होतं, हेडफोन लावून पाहिलाच नव्हता.

तेव्हापासून मी स्वतःचा लॅपटॉप, हेडफोन आणि यूएसबी केबल घेऊन जातो आणि वीस मिनिटं मागून घेतो. आधी केबल जोडून ती हलकेच हलवायची. जोडणी तुटली तर यूएसबीचं भोक सैल आहे. मग प्रत्येक फेडर सावकाश तळापासून वरपर्यंत न्यायचा आणि खरखर ऐकायची. फेडर पूर्ण खाली असताना आवाज पूर्ण बंद झालाच पाहिजे. क्रॉसफेडर दोन्ही टोकांना नेऊन तेच. प्रत्येक नॉब पडद्यावर बघत फिरवायचा. यंत्रावर हात न लावताही पडद्यावरचा नॉब थरथरत असेल तर आतला भाग झिजला आहे. पिचची पट्टी मधोमध आणली की पडद्यावर शून्य दिसावं. चाकाचा वरचा भाग बोटाने स्पर्श केल्यावर गाणं थांबावं, बोट उचलल्यावर लगेच सुटावं. पॅड आणि बटणं एकेक दाबून पाहा. शेवटी मास्टर आणि हेडफोन, दोन्हींच्या डाव्या-उजव्या बाजू वेगवेगळ्या ऐका.

निघण्याआधीच घरी एक गोष्ट करून जा: त्या मॉडेलचा ड्रायव्हर तुमच्या लॅपटॉपच्या आजच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो का ते कंपनीच्या पानावर पाहा. यंत्र ठणठणीत असूनही ड्रायव्हर बंद झाल्यामुळे निकामी ठरलेले कंट्रोलर स्वस्तात फिरत असतात.

क्रॉसफेडरची खरखर एकटीच असेल आणि बाकी सगळं नीट असेल तर मी तरीही घेतो. बऱ्याच मॉडेलमध्ये तो सुटा बदलता येतो, आणि लांब मिक्स करणारा त्याला हातही लावत नाही. किंमत मात्र त्या मानाने उतरवून घ्यावी.

गाणी

गाण्यांसाठी पैसे बाजूला ठेवा, ते शेवटी उरतील अशी वाट पाहू नका. बँडकॅम्प, बीटपोर्ट अशा ठिकाणी फाइल विकत मिळते आणि ती कायम तुमची राहते. स्ट्रीमिंग जोडता येतं, पण इंटरनेट गेलं की गाणं गेलं, शिवाय स्ट्रीमिंगची गाणी वाजवताना सॉफ्टवेअर सहसा रेकॉर्डिंग करू देत नाही. ३२० केबीपीएसचं एमपी३ पुरेसं चांगलं आहे. पाच मिनिटांचं गाणं साधारण १२ एमबीचं होतं, म्हणजे ३०० गाणी साडेतीन जीबीच्या आसपास. त्यांची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवाच. व्हिडिओवरून उतरवलेलं गाणं ३२० नावाने साठवलं तरी हरवलेलं परत येत नाही. त्याचा वर्णपट, म्हणजे खालपासून वरपर्यंतचे स्वर किती आहेत याचं चित्र, पाहिला तर बरेचदा १६ किलोहर्ट्झच्या आसपास वरचा भाग कापलेला दिसतो, आणि मोठ्या स्पीकरवर झांजेचा आवाज पत्र्यासारखा लागतो.

पन्नास गाणी पुरेत, पण ती पाठ हवीत. प्रत्येक गाणं सॉफ्टवेअरमध्ये टाकल्यावर ठोक्यांची जाळी, म्हणजे प्रत्येक ठोका कुठे पडतो त्याच्या सॉफ्टवेअरने केलेल्या खुणा, स्वतः तपासा. १४० चं गाणं सॉफ्टवेअर कधी ७० समजतं किंवा पहिला ठोका एक घर पुढे धरतं. हाताने वाजवलेल्या ढोलांच्या जुन्या गाण्यांत वेगच हलत असतो, तिथे जाळी शेवटपर्यंत बसत नाही. अशी गाणी आधी टाळा, नंतर मुद्दाम घ्या. कान घडतो तो त्यांच्यावर.

केबलींमध्ये एक जादा यूएसबी, स्पीकरला लागेल तशी आरसीएची जोडी आणि हेडफोनचं टोक मोठं-लहान करणारा जोड एवढं घ्या. यंत्रावर झाकायला साधं सुती कापड. फेडर खराब होतात ते बहुतेक धुळीने.

पहिली जोडणी आणि पहिलं रेकॉर्डिंग

सगळं जोडल्यावर मास्टर अर्ध्यावर आणि दोन्ही चॅनलचे फेडर पूर्ण वर ठेवा. गाण्याचा सगळ्यात जोरकस भाग लावून ट्रिमने पातळी अशी बसवा की हिरवे दिवे भरतील, पिवळा अधूनमधून लागेल आणि लाल कधीच लागणार नाही. लाल म्हणजे लाटेचे माथे कापले जात आहेत. नंतर आवाज कमी करूनही ते परत येत नाहीत. खोलीतला आवाज वाढवायचा असेल तर स्पीकरच्या नॉबने वाढवा. मग सेटिंगमध्ये जाऊन मास्टर पहिल्या जोडीवर आणि हेडफोन दुसऱ्या जोडीवर आहे याची खात्री करा. दुसऱ्या गाण्याचं क्यू बटण दाबा. ते फक्त कानात यायला हवं, स्पीकरवर नाही.

दोन आठवड्यांनी सलग अर्ध्या तासाचं वाजवणं रेकॉर्ड करा, चुका झाल्या तरी न थांबता. दुसऱ्या दिवशी, यंत्रासमोर न बसता, ते ऐका. जिथे घोडा धावला, जिथे बेस चिखल झाला, जिथे दुसरं गाणं बत्तीसच्या आधीच घुसलं, त्या मिनिटांची नोंद करा. दर पंधरवड्याला हे केलं की सहा महिन्यांत तुमच्याकडे बारा नोंदी असतील. नवं यंत्र घ्यायची इच्छा झाली की त्या काढून बसा. चुका अजून मोजण्यात आणि ऐकण्यात असतील तर आहे त्याच यंत्रावर राहा. पण ‘पट्टी हव्या त्या जागी थांबत नाही’, ‘तिसरा चॅनल असता तर’ किंवा ‘क्रॉसफेडर उशिरा आवाज सोडतो’ अशीच नोंद चार-पाच वेळा सापडली, तर पुढच्या यंत्रात नेमकं काय बघायचं ते त्याच वहीत लिहिलेलं आहे.